दप्तरी दाखल नाला

माझा आवाज पहिल्यापासून असा, की मी असोद्यात खोकलो तर रावेरला ट्रकमधली केळी घाबरून पिकायची. तो आवाज मी तालुक्याच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये सदतीस वर्षं कोंडून ठेवला. तिथं धूळ एवढी, की मी एकदा शिंकलो आणि हरवलेला कारकून सापडला.

निवृत्त झालो तशी एक कलाकार बाई शोधत आली. म्हणाली, जुने अर्ज तुमच्या आवाजात रेकॉर्ड करू, नावं वगळू, मागे शिक्क्यांचे, पाण्याचे आवाज सोडू. लोक अंधारात बसून इतिहास ऐकतील. मी म्हटलं, ऐकतील काय, रडतील!

अर्ज मीच निवडले. त्यातला एक आमच्याच गावच्या अक्काचा. मास्तरांकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा. नाल्यावर फरशीचा पूल टाका, मुलगी गळाभर पाण्यातून शाळेत जाते. ‘साहेब म्हणाले, मुलगी वाढली की पाणी कमरेला लागेल. तरी मुलगी वाढते तसा नालाही वाढतो, हे नम्रपणे कळवते.’ रेकॉर्डिंगला वाचताना मला हसू फुटलं. बाई म्हणाली, हसू राहू द्या, छान आहे. पाणी मात्र खरं हवं म्हणून ती यंत्र घेऊन त्याच नाल्यात उभी राहून आली.

अर्जाच्या कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता, ‘दप्तरी दाखल’, म्हणजे कागद कपाटात, विषय संपला. दाखल करणारा हात माझा. मुलीची शाळा त्याच पावसाळ्यात कायमची सुटली, हेही मला ठाऊक होतं.

पण मिरवायची हौस! जळगावच्या कार्यक्रमाला मी अक्कालाच घेऊन गेलो, बसमध्ये खिडकीची जागा देऊन.

दिवे मालवले. शिक्के धडधडले, माझा आवाज घुमला. नाल्याचा अर्ज सुरू झाला आणि कचेरीत पुकारा झाल्यासारखी अक्का ताडकन उभी राहिली.

“हजर शे! हाऊ अर्ज मन्हा शे. फरशी मंजूर व्हयनी का? मन्ही नात आते बी पानीमाईनच जास!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे.

बाहेर आल्यावर तिनं मला हळूच विचारलं, “भाऊ, कागद कोठे शे, हाई तुले ठाऊक व्हतं ना?”

सातपुड्याएवढ्या थापा मारलेला मी वाकून चपलेचा पट्टा लावू लागलो.

तेवढ्यात कलाकार बाई आली, डोळे पुसत. “अक्का, धुळ्यालाही असंच उठून बोलाल?”

“तठे साहेब येतीन का?”

बाईनं माझ्याकडे पाहिलं.

“येतील ना,” मी म्हणालो.

धुळ्याला अक्का नवं लुगडं नेसून आली. पिशवीत नातीची भिजून फुगलेली वही, साहेबांना दाखवायला. अर्ज वाजला. “हजर शे!” टाळ्या पडल्या, थांबल्या. अक्का बसेना. वही छातीशी धरून, स्पीकरकडे तोंड करून ती उत्तराची वाट बघत राहिली.

स्पीकरमधून नाला वाहत होता, आणि स्पीकरमधूनच मी हसत होतो.