तिसरी पिन

परवा मुलीच्या बास गिटारचं जॅक सोल्डर करताना पेस्टचा जळका वास नाकात गेला आणि माझे हात थांबले.

वीसेक वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीही मी असंच सोल्डर केलं होतं, राजारामपुरीत, माझा मित्र विश्वास याच्या माडीवर. माझ्या बासवर एका परदेशी वादकाची छापील सही होती. तिच्यावरून मी रोज मऊ फडकं फिरवायचो. बासचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पचा प्लग मात्र विश्वासच्या घरच्या दोन भोकांच्या सॉकेटात बसेना, म्हणून त्याची तिसरी, शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची पिन मीच पक्कडीने मोडली होती. तेव्हापासून ॲम्प घुमायचा. तारांना हात लावला की गप्प व्हायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. एरवी मी वाजवायचो आणि विश्वास गायचा, त्यामुळे तारा आणि माईक दोन्हींना एकाच वेळी कुणी शिवलं नव्हतं.

"आण की हिकडं, आज मी वाजवत गातो," विश्वास म्हणाला. बास गळ्यात घालून त्याने तारा धरल्या आणि ओठ माईकला टेकवले. आवाज आलाच नाही. बोटं तारांवर आवळली गेली, डोळे माझ्यावर खिळले. मी जागचा हललो नाही.

चहा घेऊन आलेली त्याची आई किंचाळली, "आरं, बटण बंद कर की!" कपबशा टाकून तिनंच बटण दाबलं.

विश्वास बाससकट कोसळला. मी धावलो आणि आधी पाहिलं, सही खरवडली गेली तर नाही ना. मग त्याच्याकडे.

तो वाचला. आता मुलगी कुठंही वाजवायला गेली की तिथला माईक शॉक देतो का, हे आधी मी उलट्या हाताने चाचपतो. विश्वास अजून भेटतो, हसतो. पण पडल्या पडल्या त्याचे डोळे उघडे होते का, हे विचारायची मला आजही भीती वाटते.