दोघींत एक सायकल

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाचा हिवाळ्यातला एक रविवार. जवळा बाजारच्या तरुण मंडळाने एक अजब शर्यत ठेवली होती... जोडीत दोघं, सायकल एकच, आणि औंढ्याकडचा चढउताराचा रस्ता.

एकीने सायकलवर पुढे जायचं, ठरल्या जागी सायकल कडेला ठेवायची आणि तिथून पळत सुटायचं. मागून पळत येणारीने ती उचलून पुढे निघायचं. असं आलटून पालटून... शेवटची रेघ मात्र दोघींनी मिळून ओलांडायची.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका, रोज लेडीज सायकलवर शाळेला जाणारी. माझी जोडीदार म्हणजे माझी धाकटी नणंद, सुनीता. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. उजाडलं की रानातल्या वाटेने पळून यायची आणि मग चुलीपुढे बसायची.

मामा, म्हणजे माझे सासरे, या भरतीवर नाराजच होते. नेमकं एक स्थळ सांगून आलेलं. शर्यतीचं कळल्यावर म्हणाले, "पहिल्या तीनात नंबर आला तर भरतीचं बघू. न्हाई तर गुमान लग्नाला उभं ऱ्हायचं."

सुनीता लगेच हो म्हणाली. धडकी भरली ती मला...

आदल्या दिवशी दोघींनी जाऊन सगळा रस्ता पाहिला, जागा ठरवल्या. महत्त्वाची जागा एकच, डोंगराचा माथा. चढावर सायकल माझ्याकडे, सुनीता पळत येणार. माथ्यावर मी सायकल ठेवायची, म्हणजे उतारभर तिच्या पायांना आराम... कारण शेवटच्या सपाट रस्त्यावर पळायचा जोर तिलाच लावायचा होता.

शर्यतीत बायकांच्या जोड्या सात-आठच. निम्मा चढ मी पायडल मारत चढले, निम्मा सायकल ढकलत. माथ्यावर पोहोचले तर तिथे ही गर्दी! त्यात माझ्या शाळेतल्या लेकरांचे आईबाप. "मॅडम आल्या, मॅडम आल्या!" आणि टाळ्या...

इतकी वर्षं लेकरांसाठी टाळ्या मी वाजवत आले होते. माझ्यासाठी कुणी वाजवायची ती पहिलीच वेळ. त्या माणसांदेखत सायकलवरून उतरायचं जिवावर आलं. म्हटलं, थोडी पुढे ठेवू... आणि उतार लागला.

पायडलसुद्धा मारावं लागत नव्हतं. कानात वारा. एक वळण गेलं, दुसरं गेलं... सुनीता मागे माथ्यावर सायकल शोधत असेल, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ब्रेक दाबला नाही. थेट खाली पुलाजवळ सायकल ठेवली आणि पळायला लागले.

बऱ्याच वेळाने ती सायकलवर मला गाठायला आली. चेहरा उतरलेला, एक गुडघा फुटलेला. मला वाटलं, आता ही बोलणार.

"वैनी, तुमाला कुठं लागलं तर न्हाई ना? वर सायकल दिसंना... मला वाटलं, उतारावर पडल्या बिडल्या. दर वळणाला थांबून खाली वाकून बघत आले."

"ब्रेकच लागंनात गं," मी म्हणाले. शाळेत पोरं थापा मारतात ना, तितक्या सहज...

बायकांत आमचा चौथा नंबर आला. तिसरी जोडी आमच्यापुढे चार पावलांवर होती.

दोन दिवसांनी स्थळाकडचा निरोप आला. मामा ओसरीवर बसून पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरवत होते. सुनीता आत पीठ मळत होती. शब्द दिलेला, तो पाळत होती... मला ते बघवेना.

मी बाहेर आले. "मामा, सुनीता हरली न्हाई. मी हरवलं तिला." मग सगळं सांगितलं. टाळ्यांचं, उताराचं, आणि ब्रेक चांगले होते, तेही.

"अन् शाळेत काय शिकवता मग तुमी?" मामांनी विचारलं. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "एक वरीस देतो. बघ तुझं तू."

सुनीता येऊन गळ्यात पडेल, असं मला वाटलं होतं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं... पाचव्या दिवशी शाळेला निघताना माझ्या सायकलचं हँडल धरून म्हणाली, "पुढल्या वर्षी उतार माझा."

पहिल्या भरतीत ती राहिली. मामांनी आपणहून आणखी एक वर्ष दिलं. दुसऱ्या वेळी भरती झाली. शर्यत मात्र पुन्हा भरलीच नाही. मंडळातली पोरं कामाला पुण्याकडे पांगली... आणि तिचा उतार राहून गेला.

आता ती दुसऱ्या जिल्ह्यात असते. परवा फोनवर मीच विषय काढला, "तुझा उतार द्यायचा राहिला गं माझ्याकडून."

"ऱ्हाऊ द्या, वैनी," ती हसून म्हणाली. "तेवढ्यापायी तरी तुमी मला भिऊन असता."

भीती नाही ती, सुनीता... पण मग त्याला काय म्हणायचं, हे इतकी वर्षं मुलांना शब्दार्थ शिकवूनही मला नीट सांगता येत नाही.