पेनाचं टोपण

आमच्या ग्रामसेवकभाऊंच्या पेनाचं टोपण सहजासहजी निघत नसे. सरकारी योजनेचे अर्ज भरायला ते सायकलवरून आमच्या गावी, हुडकेश्वरला यायचे. पण आधी चपला हातात घेऊन अख्खं वावर तुडवायचे आणि मगच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून टोपण काढायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "कागदावर साऱ्यायचीच जमीन काळी रायते गा. मले आपल्या पायानं पाहू दे." गावानं यावरून त्यांची थट्टा केली, मीही केली.

त्या काळी विहिरीसाठी सरकारी मदत मिळत असे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या वाटणीचं वावर आई एकटीच कसत होती आणि भाजीची टोपली डोक्यावर घेऊन शहरात विकायला जात होती. पाण्यावाचून उन्हाळ्यात मात्र सगळं ओस. विहीर झाली तर मला मॅट्रिकपर्यंत शिकवायचं, नाहीतर शाळा बंद, असं तिनं सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्या अर्जासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते.

भाऊंनी अर्जदाराचं नाव विचारलं आणि आईनं बिनदिक्कत मोठ्या काकांचं नाव सांगितलं. घरातल्या मोठ्या पुरुषाचं नाव सांगायचीच रीत होती. टोपण काही निघेना.

"या वावरात राबते कोन, वैनी?"

"मीच. आनखी कोन?"

"मंग त्यायचं नाव काहून? तुमचं सांगा."

"बाईच्या नावानं विहीर देते का सरकार?"

"काहून नाही देत? नाही देलं तर मी भांडतो."

सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव होतं. आईच्या नावाची वारस नोंद व्हावी म्हणून भाऊंनी तलाठ्याकडे किती खेटे घातले, देव जाणे. काकांनी आमच्याशी अबोला धरला. नोंद होईपर्यंत भाऊ आमच्याकडे चहाचा घोटही घेईनात. झाली त्या दिवशी मात्र दोन कप प्याले.

विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. आईनं पहिल्या मेथीच्या दोन जुड्या दिल्या. त्यांनी एकच घेतली. "दुसरी विका. पोरीच्या पुस्तकाले होईन." सायकल वळणाआड जाईपर्यंत आई उभी होती. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले. तोवर शहर आमच्या धुऱ्याला येऊन भिडलं होतं. शेतांचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्यांनी काकांशी बोलणी करून आमच्याही वावराचा सौदा ठरवून टाकला. सही घ्यायची वेळ आली तेव्हा कुठे त्यांनी सातबारा उघडला आणि ते आईला शोधत मेथीच्या वाफ्यात आले. त्यांच्यातल्या एकानं आल्याआल्या कागद पसरला, पेन उघडलं.

आई उठलीसुद्धा नाही.

"टोपण लावा पयले," ती म्हणाली. "मंग चपला काढा, अन् सारं वावर पाहून या. ते झालं का मी 'नाही' म्हनीन."