मास्तरांची दुपार

आमच्या ठाण्याच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर मुंबईला गोऱ्या साहेबाच्या हाताखाली प्लास्टरच्या पुतळ्यांची नाकं काढायला शिकून आले होते. इथे मात्र ते कोपरीच्या मिठागराकडे डोळे बारीक करून बघत आणि नुसते राखी, गुलाबी, मधूनच पांढरे चौकोन रंगवत.

"हे काय?" मी विचारायचो.

"दुपार," एवढंच म्हणायचे.

देऊळ काढा, निदान गाय तरी काढा, असं आम्ही शिक्षकांनी परोपरीनं सांगितलं. ते हसून मान डोलवत.

एकदा मिठागरातली म्हातारी मीठ द्यायला आली आणि चित्रापुढे थबकली. "मास्तर, मीठ अजून पिकलं नाय."

मास्तरांनी कुंचला उचलला आणि पांढऱ्याचा आणखी एक हात दिला.

आम्ही सगळे मॅट्रिक पास होतो.