उन्हाळ्यापुरती

दिनू, त्या दिवशी नागपूरच्या स्टेशनवर तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी अकरा वर्षांची होते, तू सात. मावशीचं बोट धरून मी डब्यात चढले, खिडकीशी बसले आणि गजांमधून हात बाहेर काढून तुला हाका मारत राहिले. तू बाबांच्या धोतरामागे तोंड लपवून उभा. मला वाटलं, रडतोय वेडा. "अरे, सुट्टीपुरती चालले, शाळा सुरू व्हायच्या आधी येते की!" असं ओरडूनही सांगितलं. आई म्हणाली, "हात आत घे वं, गाडी सुटून राहिली." गाडी हलली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. चौसष्ट सालचा एप्रिल होता तो. त्याला आता तेवीस वर्षं झाली, बडोद्याला माझं लग्न झालं, दोन पोरं झाली, पण त्या फलाटावर कोण कुठे उभं होतं ते मी आजही बोट ठेवून दाखवीन.

त्या सकाळी आईनं संत्र्या-लिंबाचं सरबत केलं होतं. तुला ते कसं करतात हे आठवत नसेल, कारण तुझं काम फक्त प्यायचं. मृगाच्या बहाराची संत्री तेव्हा संपत आलेली असत. साल सैल, वरून सुरकुतलेली, दिसायला म्हातारी आणि आत नुसती साखर. बाबा गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून सुटले की इतवारीच्या गाड्यावरून टोपलीभर आणायचे. आई ती माठाच्या बुडाशी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. मग आम्ही दोघी परात पुढ्यात घेऊन बसायचो. साल काढायची, पांढरे दोरे काढायचे, प्रत्येक फोडीची पाठ नखानं उघडायची आणि बिया वेगळ्या करायच्या. बियांचं काम माझं. एक बी जरी चिरडली तरी आईला जिभेवर कळायचं. "कोणती फोड आंधळेपणानं सोलली वं?" म्हणायची. गर पातळ फडक्यातून हलक्या हातानं गाळायचा, जोर करायचा नाही. माठाच्या पाण्यात साखर आधीच विरघळवलेली, त्यात दोन लिंबं, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि सगळ्यात शेवटी संत्र्याचा रस. तो पडला की लगेच गिलास भरायचे. कारण आपलं संत्रं गोड असलं तरी मोठं मानी आहे, त्याचा रस ठेवला की दोन-तीन तासांत कडू होतो. "संत्र्याचा रस कोणाची वाट नाही पाहत," असं आई म्हणायची.

आणि गिलासांचाही क्रम ठरलेला होता. पहिला पाहुण्याचा. पाहुणा नसेल तर बाबांचा, मग तुझा, मग माझा, आणि तळाला उरेल तो आईचा. त्या दिवशी मावशी मला न्यायला बडोद्याहून आलेली, समोर पाटावर बसलेली. तरी आईनं पहिला गिलास माझ्या हातात दिला. मी केवढी फुगले! मावशीच्या आधी मला! तुझ्याकडे बघून मी नाक उडवलं होतं. तू तेव्हाही खालीच बघत होतास.

मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. काका मिलमध्ये होते, शहराच्या जुन्या भागात एका पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, त्यांचं घर. माझं फार कौतुक झालं तिथे. नवे दोन फ्रॉक शिवले, रोज संध्याकाळी दारापुढच्या ओटल्यावर बसून वरियाळीचं शरबत मिळे. वरियाळी म्हणजे बडीशेप. इथे उन्हाळ्यात तेच पितात, खडीसाखर घालून. चांगलं लागतं, नाही कोण म्हणतं? पण मी ते पाहुणीसारखं प्यायचे, परत जाऊन तुला वर्णन करून सांगायचं म्हणून. पोळातल्या मुली माझं "मले" आणि "तुले" ऐकून हसत. "आ केवुं मराठी बोले छे?" म्हणत, हे कसलं मराठी बोलते म्हणून. मीही हसायचे. माझं काय जात होतं, मी थोडीच इथली होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा न्यायला येणार, असं मला सांगितलं होतं. ज्या दिवशी येणार म्हणून मावशीनं बोटांवर मोजून दाखवलं होतं, त्या दिवशी मी पहाटेपासून ट्रंक भरून बसले. संत्री कुठून मिळणार तेव्हा? काकांनी आणलेली मोसंबी होती. मी एकटीनं त्यांच्या बिया काढल्या, लिंबू पिळलं, जिरं भाजताना बोट पोळून घेतलं, आणि गाडी दुपारची म्हणून दुपारच्या आधी पातेलं भरून सरबत केलं. वर ताटली, ताटलीवर ओलं फडकं. मावशी म्हणाली, "पिऊन टाक बेटा, ठेवू नकोस." मी म्हटलं, बाबा आल्यावर. मोसंबीही त्याच जातीची, हे मला ठाऊक होतं. आईचं वाक्य तोंडपाठ होतं. तरी ठेवलं. चार वाजले, सहा वाजले, काका कामावरून आले. मग मी एक घोट घेतला. कडूजहर. मावशीनं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चल, तुझं शाळेत नाव घालायचंय." आणि तिच्या कपाटातून एक कागद काढला. माझ्या नागपूरच्या शाळेचा दाखला होता तो. शाळा सोडल्याचा. शाळा सोडण्याचं कारण, तर स्थलांतर. खाली बाबांची सही, ती त्यांची लपेटेदार सही, आणि तारीख मी निघाले त्याच्या आठ दिवस आधीची. सुट्टीला जाणाऱ्या पोरीचा दाखला कोणी काढतं का, दिनू? म्हणजे ते आठ दिवस बाबा रोज संध्याकाळी माझ्यासाठी चिवड्याची पुडी आणत होते, आई रोज माझे केस विंचरताना जास्त वेळ लावत होती, आणि कागद घरात होता. तेव्हा मला तो पहिला गिलास कळला. त्या सकाळी आपल्या घरातली पाहुणी मीच होते.

मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी जेवले, कारण भूक लागते. अकरा वर्षांच्या मुलीचा राग किती दिवस उपाशी राहणार?

मावशीनं मला काही कमी केलं नाही, हे लिहायलाच हवं. तिनं मला शिकवलं, माझ्या आजारपणात उशाशी बसली, लग्नात स्वतःच्या पाटल्या मोडल्या. तिच्यावर राग धरायला तिनं मला जागाच ठेवली नाही, त्यामुळे तो सगळा नागपूरच्या वाट्याला गेला. आईची पत्रं यायची. मावशीचं ऐकत जा, अभ्यास कर, दिनू तुझी आठवण काढतो. का पाठवलं, याबद्दल एक अक्षर नाही. चार वर्षांनी मी पहिल्यांदा नागपूरला आले तेव्हा न राहवून विचारलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बहिणीचं रडणं पाहवत नव्हतं वं. आणि पोरगा तर कोणी देत नाही." एवढंच. त्याच दिवशी तू मला गच्चीवर नेऊन सांगितलंस, "मले माहीत होतं ताई. आईनं शपथ घातली होती." शेजारच्या काकूंना माहीत होतं, माझ्या शाळेतल्या बाईंना माहीत होतं, सात वर्षांच्या तुला माहीत होतं. साऱ्या गल्लीत एक मीच तेवढी शहाणी, सुट्टीला निघालेली.

तेव्हापासून मी तिथे पाहुणीसारखीच येत राहिले. बाबा गेले तेव्हा आले, तुझ्या लग्नात आले. इकडे मावशी-काका दोघंही गेले. माझी भाषा पार भेसळीची झाली. भाजीला मी शाक म्हणते, खिडकीला बारी, वहीला चोपडी, आणि "मले" तर कधी सुटलं तेही आठवत नाही.

आणि मार्चअखेर तुझं पत्र आलं. "यंदा नागपूरला ऊन फार आहे. आईला उन्हाळ्यापुरती तुझ्याकडे पाठवतो. पावसाच्या तोंडावर मी येऊन घेऊन जाईन." उन्हाळ्यापुरती! अरे, बडोद्याला उन्हाळ्यात काय बर्फ पडतो? ऊन चुकवायला नागपूरचं माणूस बडोद्याला पाठवणारा तू पहिलाच. पण मी हसले नाही. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

आई आली. बरोबर तुझ्या शेजाऱ्यांची सोबत, एक ट्रंक आणि संत्र्यांची पिशवी. वाळली आहे. गुडघा धरून चढली आमचा जिना. दुसऱ्या दिवशी तिच्या साड्या कपाटात लावायला मी ट्रंक उघडली. वरती चार सुती पातळं. त्याखाली लोकरीची शाल. स्वेटर. पायमोजे. बाबांचा भिंतीवरचा फोटो, काच फुटू नये म्हणून रजईत गुंडाळलेला. आणि तळाशी, वर्तमानपत्राखाली, रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. तुझी सही बाबांसारखीच आहे, दिनू, मला आधी माहीत नव्हतं. तारीख मी पाहिली. तू मला पत्र लिहिलंस त्याच्या आधीची होती.

मी कागद होता तिथे ठेवला. दिवसभर घरात फिरत होते आणि मला वाटत होतं, या बाईला काही माहीत नाही. ही जूनपर्यंत दिवस मोजेल, मग तुझी वाट बघेल, मग मी हिला काय सांगू? मला आनंद व्हायला हवा होता का? खरं लिहिते, क्षणभर झालाही. आता हिच्याही वाट्याला आलं, असं मनात आलं. मग लाज वाटली. मी ठरवलं, माझ्याशी सगळे वागले तसं तिच्याशी वागायचं नाही. तिला तिच्या तोंडावर सांगायचं.

संध्याकाळी आई म्हणाली, "संत्री खराब होऊन राहिली, शरबत करू." परात घेऊन बसलो आम्ही दोघी. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून बिया पुन्हा माझ्याकडे. पाच-सहा संत्री होईपर्यंत मी धीर गोळा केला आणि म्हटलं, "आई, दिनू तुला न्यायला येणार नाहीये."

तिचा हात थांबला नाही. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "मीच म्हटलं त्याले, नाव काढून घे कार्डातून. सुनेचं अन् माझं नाही जमून राहिलं. रोजची कटकट, पोराचा जीव जाते त्यात. म्हटलं, पोरीकडे जातो."

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. म्हणजे हिला माहीत होतं. तुला माहीत होतं, तुझ्या बायकोला, सोबतीला आलेल्या शेजाऱ्यांनासुद्धा असणार. पुन्हा मी एकटीच.

"मग मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडले. तेवीस वर्षांनी ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले, आणि आतल्या खोलीतून माझी पोरं बघायला आली, की आपल्या आईला झालं काय.

आईनं मान वर केली नाही. "सांगितलं असतं अन् तू नाही म्हटली असती तर?" तिनं फोडीची पाठ उघडली, बी माझ्यापुढे सरकवली. "तेव्हाही हेच भेव होतं मले. तू नाही म्हटलं असतं, तर मग माझ्यानं धाडणं झालं नसतं."

त्यानंतर ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. उठून पोरांना गिलास भरून दिले, कारण रस निघालेला होता.

हे सगळं तुला लिहितेय ते भांडायला नाही. म्हणजे भांडायलाही आहेच. काल मी आईसमोर बसले आणि विचारलं, "आई, तुला इथे राहायचंय का? नसेल तर सांग, मी स्वतः तुला नागपूरला पोचवून देते, दिनूशी बोलते." ती माझ्याकडे बघतच राहिली. जन्मात तिला कोणी असं विचारलं नसावं. तिलाही कोणी कुठे पाठवलं असेल तेव्हा सांगितलंच असेल फक्त. मग म्हणाली, "राहतो वं." आज मी तिचं नाव आमच्या कार्डात घालायला अर्ज दिला.

तेव्हा तू जूनमध्ये येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये, चार दिवस राहा, आईला भेट. पण एक लक्षात ठेव. इतकी वर्षं घर कोणतं, नागपूर की बडोदा, असा घोळ माझ्या मनात होता. तो आता राहिलेला नाही. जिथे माणसाला पाठवण्याआधी विचारतात ते घर, आणि तसं घर मला मिळालं नाही म्हणून मी ते इथे स्वतः करायला घेतलंय.

आईला ठेवून घेशील का, एवढं एका पोस्टकार्डावर विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, दिनू. आणि मावशीकडे राहशील का, असं अकराव्या वर्षी कोणी विचारलं असतं, तर रडून, रुसून, दोन दिवस लावून, पण तेव्हाही मी हो म्हटलं असतं.