फेटा बांधताना

यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही बायका फेट्यांविना लेझीम खेळलो. सगळ्यांनी कारण विचारलं, आणि मी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं, ऐकणारा कंटाळेपर्यंत.

लखनौत निळा फेटा तयार मिळत नाही. मागितला की दुकानदार लग्नाचा साफा काढतो, मोत्यांच्या माळेसकट. म्हणून इंदिरा नगरच्या एका दुकानदाराला मी आमच्या मंडळासाठी शिवलेले फेटे सांगितले, नमुन्याला माझा नागपूरचा फेटा दिला. पहिला तयार होऊन आला तो बँडवाल्याला शोभेल असा. पाठीवर सोडायचा शेमला गायब, तुरा आडवा पडलेला. माझं डोकंच फिरलं.

"मैडम, सिलाई तो चिनहट में होती है. मैं क्या करूँ?"

"तो मुझे वहीं ले चलिए. बाँधना मैं सिखाऊँगी."

तो टाळाटाळ करू लागला. मी ऑर्डर रद्द करते म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने घेऊन गेला.

कारखाना म्हणजे मागच्या गल्लीतलं एक दुमजली घर, बाहेर पाटी नाही. वर आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सुपरवायझरने खिशातून किल्ली काढली आणि दाराचं कुलूप उघडलं. माणसं आत आणि कुलूप बाहेर! मी पायरीवरच थबकले.

"ताला क्यों?"

"चोरी बहुत है इधर."

आत सगळ्या बायकाच होत्या. खिडक्यांना पत्रे ठोकलेले, कोपऱ्यात अंथरुणाच्या वळकट्या आणि एक स्टोव्ह. कुणी मान वर केली नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. तो गिळून मी पुढच्या मशीनवरच्या बाईला स्टुलावर बसवलं. असेल पंचविशीची. सुपरवायझर दारातच उभा राहिला.

फेटा बांधताना बांधणाऱ्याचा कान समोरच्याच्या तोंडाशी येतो. दुसरा वेढा घेताना ती ओठ न हलवता म्हणाली, "दीदी, हमको जाने नहीं देते."

माझा हात थांबला.

"हाथ मत रोकिए."

मी वेढा ओढला. "देखो, यहाँ से कसना है," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. पुढच्या वेढ्यांत बाकीचं कळलं. एजंटाने झारखंडहून आणलं होतं. फोन इथल्या लोकांनी काढून घेतला. मुलगी गावी आजीकडे होती, इथे आल्यापासून तिचा आवाजही ऐकला नव्हता.

"क्या बोल रही है?" सुपरवायझरने विचारलं.

"पूछ रही है, और कसूँ क्या."

मी मुद्दाम चुकले, सगळं सोडलं, पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं. तिने घाईघाईत सांगितलं, कुणी चौकशी केली की त्याच रात्री दुसरीकडे हलवतात. म्हणजे मी आत्ता आरडाओरडा केला तर उद्या ही खोली रिकामी. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी बसले.

सुपरवायझरला म्हटलं, "अभी किसी से नहीं बन रहा. कल मंडल की औरतों को लेकर आऊँगी, सबको सिखाएँगे." त्याने तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाला. आम्ही जिना उतरताना वर कुलूप लागल्याचं ऐकू आलं.

आमच्या मंडळातल्या एक ताई श्रम विभागात आहेत. घरी पोचताच त्यांना फोन केला. "अधिकारी, पोलीस, सगळे उद्या दुपारी येतो," त्या म्हणाल्या, "तोवर त्याला संशय येऊ देऊ नकोस." आमचे हे मानक नगरला रेल्वेत इंजिनियर. एरवी माझ्या बडबडीवरून चिडवतात, त्या दिवशी नाही चिडवलं. "आमच्याकडे साधा बोल्ट घेतला तरी तो कुठे बनतो ते जाऊन बघतात," एवढंच म्हणाले. फेटे कोण शिवतं ते मी कधी विचारलं होतं? आता मंडळाची कुठलीही ऑर्डर शिवणारी माणसं बघितल्याशिवाय जात नाही. दुकानदार कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी साड्या नेसून पुढे, अधिकारी आणि पोलीस गल्लीच्या तोंडाशी. जिना चढताना मशीनचा आवाज येईना. रात्रीतच हलवलं की काय? सुपरवायझर सावकाश किल्ली शोधत होता. दार उघडलं. बायका जेवायला बसल्या होत्या, सगळ्या होत्या. तेवढ्यात मागून पोलीस वर आले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कौन-कौन जाना चाहता है?"

कुणी हललं नाही. सुपरवायझर नुसता खाकरला. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती ताट बाजूला सारून उठली. "मुझे जाना है." ती उभीच राहिली. मग तिच्या शेजारची उठली, मग सगळ्याच.

खाली गाडीत बसल्यावर मी माझा फोन तिच्या हातात दिला. गावचा नंबर तिला तोंडपाठ होता. पलीकडून लहान मुलीचा आवाज आला, मलासुद्धा स्पष्ट ऐकू आला. "कौन बोल रहा है?"

तिने फोनवर तळहात दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. "दीदी, क्या बोलूँ?"

मी तिचा तळहात फोनवरून अलगद बाजूला केला.