कोपरच्या खाडीकाठचा न खायचा माठ

सुट्टीला लोक येऊरला जातात, मी चक्क एका बिघडलेल्या शेतातला रानमाठ उपटायला गेले. मैत्रीण स्मिता ठाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचा फोन आला, "माणसं कमी पडतायत गं, येतेस का?" आणि मी हो म्हणून बसले.

ठाण्याहून बसने डोंबिवली, पुढे कोपरपर्यंत शेअर रिक्षा, मग खाडीकडे पायी. जायचं तर थंडीत जा. गमबूट, हातमोजे आणि प्यायचं पाणी सोबत हवंच.

शेत हिराकाकी आणि काका या आगरी जोडप्याचं. पूर्वी इथे भात निघाला की वाल पेरायचे. मग नाल्याचं रंगीत पाणी शिरलं आणि मातीत शिसं साचलं. आता इथे रानमाठ आणि एरंड मुद्दाम वाढू देतात. ते मुळांनी थोडं थोडं शिसं ओढून घेतात. वाढले की मुळासकट उपटायचे, गोण्यांत भरून घातक कचऱ्यात पाठवायचे, की पुन्हा त्यांचीच पेरणी. काम भलतंच चिकाटीचं. माझी कंबर तर तासाभरातच बोलायला लागली.

जेवण काकींनी बांधावर आणलं, तांदळाची भाकरी आणि सुकट. "तांदूल इकतचे हायेत, बिनघोर खा," त्या आपणहून म्हणाल्या.

निघताना काका माझ्यासाठी माठाची कोवळी जुडी घेऊन आले. मी हात पुढे केलाही होता. काकींनी जुडी काढून घेतली आणि गोणीत टाकली. "अवो, इख हाय त्यान."

बांधावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही काकांची रीत. इतक्या वर्षांनी शेत हिरवंगार दिसलं आणि हात आपोआप चालले.

"माजे जित्तेपनी वाल व्हतील काय गो हितं?" त्यांनी स्मिताला विचारलं.

"सांगता येत नाही, काका. शिसं कमी होतंय, एवढं नक्की."

काकांनी गोणीचं तोंड बांधलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परत येशील तवा पिशवी आन. मोठी."

घरी आल्यापासून अंग ठणकतंय, पण मन भरलेलं आहे. न मिळालेल्या भाजीबद्दल एवढं ऋणी वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. पुढच्या उपटणीला मी जाणार. मोठी पिशवी नेणार, आणि वाल होईपर्यंत दर खेपेला ती रिकामी परत आणायची माझी तयारी आहे.